विश्लेषण : बांधणारा एक, बिल भरणारा दुसरा, वीज वाया जाते ती इथे!

एप्रिल उजाडला की विदर्भात कूलर माळ्यावरून खाली येतात आणि एसीच्या दुकानांत गर्दी होते. दीड टनाचा घ्यायचा की दोन टनाचा, यावर घरोघरी खल चालतो. डोक्यावरच्या स्लॅबकडे मात्र कुणी पाहत नाही.

स्लॅब किती तापतो?

उन्हाळ्यात भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. दहा बाय दहाच्या खोलीचे छत नऊ चौरस मीटरचे. म्हणजे वर जवळपास नऊ किलोवॅटची शेगडी! त्यातला बराच भाग वाऱ्याबरोबर परत जातो, हे खरे. पण एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तरी साडेतीन किलोवॅटच उष्णता बाहेर फेकतो. शिवाय उघडा सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि सूर्य मावळल्यावर ती खोलीत सोडत राहतो. रात्री अकरालाही पंखा गरम हवाच अंगावर घालतो, तो यामुळे.

पांढरा चुना किंवा परावर्तक रंग बहुतांश ऊन वरच्या वर परतवतो. धूळ बसली की गुण उतरतो, त्यामुळे हात पुन्हा मारावा लागतो. बांधतानाच छतावर उष्णतारोधक थर टाकणे अधिक टिकाऊ. (फायदा अर्थात सर्वांत वरच्या मजल्याला. खालच्यांनी भिंती आणि खिडक्या पाहाव्यात.)

नियम आहे का?

आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर छताच्या चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असे ती सांगते. साध्या काँक्रीट स्लॅबमधून साधारण तिप्पट येते. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच आणले.

मग अडते कुठे? थराचा खर्च बिल्डरचा, विजेचे बिल राहणाऱ्याचे. भाडेकरू असेल तर विचारायलाच नको. घरमालक दुसऱ्याच्या बिलासाठी गच्चीवर पैसे का घालेल?

शेतातही तेच

विहिरीवरच्या पंपाची वीज उष्णतेत नव्हे, घर्षणात जाते. पाइप अरुंद असला की पाणी त्याच्या कडांना घासत वर येते. तेवढेच पाणी दोन इंचीऐवजी अडीच इंची पाइपातून नेले, तर हा तोटा सुमारे एक तृतीयांशावर येतो. तोंड अडवणारा फूट व्हॉल्व्ह आणि नको तिथले एल्बो बदलले तर आणखी कमी.

पण राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. बिलच नसेल तर पाइप कोण बदलणार? नुकसान मात्र शेतकऱ्याचेही होते. वीज मोजके तास असते, आणि तेवढ्यात भिजायचे वावर अर्धवट राहते.

‘वीज वाचवा’चे फलक लावून हे सुटणारे नाही. वीजबिलाच्या अनुदानाचा थोडा भाग पाइप आणि फूट व्हॉल्व्ह बदलण्यासाठी द्यावा. शहरात भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी महापालिकेच्या अभियंत्याने गच्चीवर जाऊन उष्णतारोधक थर आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर प्रमाणपत्र अडवावे.