तिजोरीच्या दोन किल्ल्या

शनिवारी सकाळी कर्जत किंवा लोणावळ्याच्या बाजूला गेलात, तर एकसारखे टी-शर्ट घातलेल्या माणसांनी भरलेल्या बसगाड्या हमखास दिसतील. छातीवर कंपनीचे चिन्ह, पाठीवर एखादी इंग्रजी घोषणा. ही लग्नाची वऱ्हाडे नव्हेत. वऱ्हाडात निदान रुसायची मुभा असते. ही मंडळी 'टीम बिल्डिंग'साठी निघालेली असतात. दिवसभर रस्सीखेच, वर्तमानपत्रांचे मनोरे, डोळे बांधून चालणे, पाठमोरे पडणे आणि सहकाऱ्यांनी झेलणे. संध्याकाळी एक समूहछायाचित्र आणि सोमवारी पुन्हा तेच टेबल, तीच कटकट.

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे. पण सध्या तो थट्टेचा विषय राहिलेला नाही, निदान आम्हा बँकवाल्यांना तरी. २०१७ च्या सुरुवातीला देशात २७ सरकारी बँका होत्या. १ एप्रिल २०२० पासून त्या १२ उरल्या. १ मे २०२५ रोजी 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणाने ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या आणि आपल्याकडे विदर्भ कोकण ग्रामीण बँक व महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. बँका राजपत्रातल्या अधिसूचनेने एका रात्रीत एक होतात. संगणक वर्षभरात एक होतात. माणसांचे काय? त्यांच्यासाठी विभागीय कार्यालयात कुणाच्या तरी टेबलावर एक फाइल येते : 'कर्मचाऱ्यांत एकोपा निर्माण होण्याच्या दृष्टीने कार्यक्रम आखावा.' नोकरीच्या शेवटच्या पर्वात ही फाइल माझ्याही टेबलावर आली होती.

या खेळांचे एक मूळ मोठे गंभीर आहे. नाझी जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा काढली. तिला पाठबळ दिले लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाने. युद्धात बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी जीवरक्षक होडीत वयस्क खलाशांपेक्षा लवकर धीर सोडतात, अशी त्यांची चिंता होती. तिथे दोर धरायचा तो समोरचा मरू नये म्हणून. आपल्याकडे टाटा स्टीलने १९८४ साली साहस प्रतिष्ठान काढून त्याची धुरा त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या बचेंद्री पाल यांच्याकडे दिली, तेव्हाही हिमालय खराच होता. पुढे धोका गेला आणि दोर तेवढा राहिला. तो आता रिसॉर्टच्या हिरवळीवर, नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या वेळात धरतात.

आणि दोर धरला म्हणून माणूस धरला जातो असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका कंपनीची मंडळी कार्यालयीन सहलीत माउंट शावानो हे शिखर चढायला गेली. त्यांतला एक जण मागे राहिला. उतरताना सहकाऱ्यांनी वाटेच्या खुणा म्हणून ठेवलेल्या वस्तूही उचलून नेल्या. त्या गृहस्थाने वादळात एकट्याने रात्र काढली. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाला तो सापडला. 

मी नोकरीला लागलो तेव्हा हा शब्दच नव्हता. सहल असे, आणि ती शिपायापासून साहेबापर्यंत साऱ्यांच्या वर्गणीतून निघे. वर्गणी दिलेल्या माणसाला वांग्याच्या भाजीला नावे ठेवण्याचा अधिकार असतो, हे आजच्या इव्हेंटवाल्यांना कळणार नाही. पण आमची जूट सहलीने झालेली नव्हती. ती लेजरने केली होती. सहामाहीला सतरा रुपयांचा फरक सापडेना म्हणून रात्री नऊपर्यंत अख्खी शाखा खतावण्या उलटीत बसे आणि ज्याला आकडा सापडे तो चहा पाजी. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर शनिवार-रविवारीही शाखा उघड्या होत्या. त्या दिवसांत शेजारच्या टेबलाशी वर्षभर अबोला धरलेली माणसे एकमेकांची रोकड मोजून देत होती. कुणी मनोरे रचायला सांगितले नव्हते.

बँकेत विश्वासाचा खेळ रोज सकाळी होतो. स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असतात. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशिअरकडे. एकट्याने तिजोरी उघडत नाही. किल्लीधारकाला गावाबाहेर जायचे तर रीतसर नोंद करून ती दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. किल्ली कुणाकडे आहे यावरून शाखेत कुणाला मान आहे हे ओळखावे.

तर ती फाइल. तिच्यात टी-शर्टच्या मापांचा तक्ता होता, रिसॉर्टचे दरपत्रक होते आणि तारीख होती महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची. २०१५ पासून बँकांना सुट्टी असलेल्या शनिवारांपैकी एक. म्हणजे एकोपा बँकेचा आणि सुट्टी कर्मचाऱ्याची! यादीत शिपाई आणि दफ्तरी नव्हते. मी दरपत्रक बाजूला ठेवले आणि विलीन झालेल्या बँकेच्या एका अधिकाऱ्याला बरोबर घेऊन चार-पाच शाखा फिरलो. काय अडते, एवढेच विचारीत.

बरेच काही अडत होते. ज्येष्ठतेची यादी, बदल्या, कर्जाचे दोन तऱ्हेचे अर्ज. एका गावात शेजारशेजारच्या दोन शाखांची एक शाखा झाली होती. चार महिने उलटले तरी दोन्ही किल्ल्या आमच्या मूळ बँकेच्या माणसांकडेच होत्या. तिकडून आलेले बावीस वर्षांच्या नोकरीचे अधिकारी नुसते रजिस्टरवर सह्या करीत होते. मला म्हणाले, "साहेब, पाठमोरा पडायला माझी ना नाही. पण आधी किल्ली द्या."

कार्यक्रम आम्ही तीन आठवडे पुढे ढकलला. तेवढ्यात जोडलेल्या प्रत्येक शाखेत एक किल्ली इकडच्याकडे आणि एक तिकडच्याकडे, असा आदेश निघाला. मग बसगाड्या ठरल्या. सकाळभर अर्जांच्या नमुन्यांवर भांडण झाले, चांगले कडकडून. दुपारी कॅरम आणि अंताक्षरी. मनोरे नव्हतेच. त्या शाखेची माणसे जेवायला एका टेबलाशी बसली, एवढे मी पाहिले. ज्येष्ठतेचा वाद मात्र तसाच राहिला आणि पुढे न्यायालयात गेला. तो मिटवण्याची ताकद कुठल्याही सहलीत नसते.

शाखेत माणसेच कमी असतील, तर पाच जणांचे काम करणाऱ्या तिघांना एकत्र नाचवून ते पाच होत नाहीत. हे वरच्या मजल्यावर ठाऊक नसते असे नाही. पण भरतीपेक्षा रिसॉर्ट स्वस्त पडतो.

ग्रामीण बँकेच्या छत्रपती संभाजीनगरच्या मुख्यालयात अशी एखादी फाइल आता फिरत असेल, तर ती हाताळणाऱ्याला काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तारीख कामाच्या दिवशीची घ्यावी. मार्च आणि सप्टेंबरची अखेर टाळावी. यायचे की नाही हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे आणि न आलेल्याची नोंद ठेवू नये. घरी लहान मूल असलेल्या बाईला रात्रीचा मुक्काम परवडत नाही. संध्याकाळी सहाला बस परत निघावी. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने दिलेले वाहन, दोन्ही कामाच्या ठिकाणातच मोडतात, हे रिसॉर्टचा करार करताना ध्यानात असू द्यावे. शिपाई, दफ्तरी आणि सुरक्षा रक्षक यांची नावे पहिल्या पानावर घालावीत. साहेबांचे भाषण दहा मिनिटांचे, आणि तेही जेवणानंतर. सकाळी ज्या तक्रारी लिहून घेतल्या, त्यांची उत्तरे महिन्याच्या आत शाखेच्या फलकावर लावावीत, नकार असेल तर नकारसुद्धा. आणि चंद्रपूरच्या माणसाला नांदेडच्या शाखेत पाठवले असेल, तर किल्ली कुणाकडे आहे ते आधी पाहून घ्यावे.