रुग्णवाहिका वस्तीपर्यंत येते काय?

जळकोट हा लातूर जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. १९९९ साली तो तालुका झाला, तहसील आली, पाट्या बदलल्या. एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि कंधार, आणि मध्ये बालाघाटच्या डोंगररांगांत विखुरलेल्या वाड्या, तांडे आणि गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्त्या. सोयाबीन काढताना मजूर बाईला साप चावला, रात्री बाळंतिणीचे रक्त थांबेना, ऊसतोडीहून परतणारा ट्रॅक्टर उलटला, तर पहिला प्रश्न गाडीचा असतो. दुसरा प्रश्न ती गाडी कुठपर्यंत येते याचा. रुग्ण गंभीर असेल तर जळकोटहून उदगीर, उदगीरहून लातूर नाहीतर नांदेड अशी त्याची वरात निघते. या वाटेवर जो जीव जातो तो बहुतेक वेळा गरिबाचा असतो, आणि मराठवाड्यात गरिबाची जात कोणती हे आम्ही वाचकांना सांगण्याची गरज नाही.

२६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका आणि गाडीत डॉक्टर, अशी ती योजना. तिने हजारो जीव वाचविले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. फोन केल्यावर कुणी जात विचारत नाही हेही खरे. पण पत्ता विचारतात, आणि आपल्या देशात पत्ता हीच जात असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला होता. पण कागदावर 'समतानगर' झालेली वस्ती गावाच्या तोंडी अजून जुन्याच नावाने जगते. गाडी वेशीतल्या पारापर्यंत येते, तिथे वाट विचारावी लागते, आणि वाट सांगणारा कोण आहे, तो कसे सांगतो, सोबत येतो की नुसता हात दाखवतो, यावर रुग्णाची दहा-पंधरा मिनिटे अवलंबून असतात. पुढे ओढा, चिखल, अर्धवट राहिलेला सिमेंटचा रस्ता. पेशंटला बाजेवर टाकून पारापर्यंत आणा, असे फर्मान सुटते. बाज उचलायला वस्तीतलीच माणसे लागतात.

गाडी आणि जात यांचा हा संबंध आजचा नाही. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले. त्यांना टांग्यात बसवून हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मात्र तुमचा तुम्ही आणा. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस पुढे बसला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. मुंबई विधिमंडळाचा सदस्य, बॅरिस्टर, आणि त्याची ही गत! टांगेवाल्याची प्रतिष्ठा सांभाळण्यासाठी केलेल्या वेगळ्या व्यवस्थेची किंमत आमच्या पुढाऱ्याच्या हाडांनी मोजली. त्याच आठवणींत बाबासाहेबांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्याची बाळंत पत्नी तापाने फणफणलेली, आणि डॉक्टरने थर्मामीटर स्वतः न लावता तो एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने बायकोला लावला. बाई वाचली नाही.

हा इतिहास झाला असे म्हणणाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेला, घनश्याम शहा, सुखदेव थोरात आदी अभ्यासकांचा ग्रामीण अस्पृश्यतेवरील ग्रंथ चाळावा. ११ राज्यांतील ५६५ गावांच्या त्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्यास नकार देत असल्याचे आढळले. लस, गोळ्या देण्याची ही तऱ्हा, तर रक्त, ओकारी, बाळंतपण यांना हात लावण्याची पाळी येते तेव्हा काय होत असेल? आपत्कालीन सेवा म्हणजे शेवटी स्पर्शाची सेवा. छाती दाबायची, जखम आवळून धरायची, उचलून घ्यायचे. जातिव्यवस्था नेमकी तिथेच मारते.

म्हणून आम्हाला सावित्रीमाई आठवतात. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचे आजारी पोर त्यांनी पाठीवर घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यातील यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचविले. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. महाराष्ट्रातल्या रुग्णवाहिकेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिले पान त्या पाठीला द्यावे. पण ते कसचे देतात!

दूर अमेरिकेतील एक उदाहरण आमच्या कार्यकर्त्यांनी अभ्यासावे. पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट ही काळ्या लोकांची वस्ती. तेथे आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी येत असे. तीत ना औषध, ना शिकलेला माणूस, आणि काळ्या माणसाला पोलिसाच्या गाडीत बसण्याची भीती वेगळीच. १९६७ साली त्या वस्तीतील बेरोजगार तरुणांना घेऊन 'फ्रीडम हाऊस' ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना समाजाने निकामी ठरविले होते, ज्यांच्यातल्या कित्येकांनी शाळाही पुरी केली नव्हती, त्यांना डॉ. पीटर सफार यांनी सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले. तोंडाने श्वास देऊन आणि छाती दाबून जीव परत आणण्याच्या पद्धतीचे आद्य प्रवर्तक म्हणून जग ज्यांना ओळखते, तेच हे सफार. ही पोरे इतकी तयार झाली की पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी तयार केलेला अभ्यासक्रम अमेरिकेत नमुना ठरला. मग १९७५ साली शहर प्रशासनाने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद केले. काळी माणसे हळूहळू बाजूला पडली. काम आम्ही उभे करायचे आणि चालू लागले की त्यांनी ताबा घ्यायचा, ही रीत समुद्रापलीकडेही आहे!

जळकोटसाठी आम्ही जे मागतो त्यात हे दोन्ही धडे आहेत. तालुक्यातील प्रत्येक वस्ती आणि तांड्यातून दोन तरुण, दोन तरुणी निवडाव्यात. सर्पदंशात जखम न कापता, दोरी न आवळता अंग स्थिर कसे ठेवायचे, बाळंतिणीचा रक्तस्राव कसा ओळखायचा, बुडालेल्याला किंवा विजेचा धक्का बसलेल्याला श्वास कसा द्यायचा, हे त्यांना ग्रामीण रुग्णालयात शिकवावे. त्यांची नावे, फोन आणि वस्तीची खरी वाट १०८ च्या नियंत्रण कक्षात नोंदवावी, म्हणजे गाडी निघाली की वस्तीतला माणूस वेशीवर उभा असेल आणि रुग्णाजवळ दुसरा शिकलेला माणूस. सापाचे विष उतरवायला देवळापुढे नेणारे आणि गंडेदोरे बांधणारे गावोगाव आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्प, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडविणे गुन्हा ठरविले आहे, पण मध्यरात्री तो कायदा सांगणारा माणूस वस्तीत हवा ना?

विंचवाचे विष उतरत नाही असेही एकेकाळी म्हणत. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील सरकारी दवाखान्यात राहिले, प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने खाली आले. महाड म्हटले की आम्हाला चवदार तळेच आठवते. हेही आठवावे.

मात्र एक धोका आम्ही आत्ताच सांगून ठेवतो. वस्तीचा माणूस फक्त वस्तीसाठी, असे झाले तर तो चाळीसगावचा टांगा होईल. सवर्ण कर्मचाऱ्याने वस्तीत न जाण्याची ती सरकारमान्य सोय ठरेल. हे तरुण साऱ्या गावाचे असले पाहिजेत. पाटलाच्या वाड्यात कुणी कोसळले तर आमच्याच पोरीने जाऊन त्याची छाती दाबावी. त्या वेळी वाड्यातले लोक तिला आत घेतात की दारात थांबवितात, तेही गावाने उघड्या डोळ्यांनी पाहावे. आणि दुसरा धोका फुकट राबविण्याचा. आशाताईंना २००५ पासून मानधनावर झुलवत ठेवले आहे, तोच खेळ पुन्हा नको. १०८ सेवा ठेकेदारामार्फत चालते आणि ठेक्यात आरक्षण नसते. तेव्हा या तरुणांना नेमणूकपत्र, भत्ता, विमा आणि पुढे रुग्णवाहिकेच्या नोकरीत प्राधान्य मिळाले पाहिजे.

पैसा नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावेत असा नियम आहे. हे १५ टक्के कुठे जातात, ग्रामसभेत विचारा. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीत दरवर्षी येतो आणि वळविला जातो. तो वळवू न देणारा कायदा अविभाजित आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच केला. महाराष्ट्रात चळवळ तो वर्षानुवर्षे मागत आहे. लातूर लोकसभा आणि उदगीर विधानसभा हे दोन्ही मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत आणि जळकोट त्यांतच येते. राखीव जागेवर निवडून जाणाऱ्यांनी जिल्हा नियोजनाच्या बैठकीत हा एक विषय तरी पटलावर ठेवू नये काय?

कायदा आमच्या बाजूला आहे. रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून दलिताला अडविणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटीचा गुन्हा आहे. पश्चिम बंगालमधील हकीम शेख यांना १९९२ साली रेल्वेतून पडल्यावर एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले, त्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. तरीही ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. शेवटच्या क्षणी रुग्ण आणले, असा खुलासा तेव्हा झाला. शेवटच्या क्षणी का आणावे लागले, हे विचारायला जळकोटसारख्या तालुक्यांत यावे लागेल.

आणि आपल्याच मंडळांना एक विचारू. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले डॉक्टर, आपल्या परिचारिका लाखोंच्या गर्दीत शिबिरे लावतात, समता सैनिक दलाचे जवान माणसे सांभाळतात. शिस्त आपल्याकडे आहे. मग जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचवून जळकोटच्या प्रत्येक वस्तीत एक स्ट्रेचर आणि एक प्रथमोपचार पेटी ठेवता येणार नाही काय? सुरुवात त्या स्ट्रेचरने करा, आणि त्याची पावती घेऊन तहसीलदारांकडे उरलेल्या मागण्यांचे निवेदन द्या.