पेन्शन कुणाच्या कष्टाची?



बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. जरा कायदेशीर आहे, पण वाचाच.

आमचा सातारा जिल्हा फौजींचा. अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे, यात सगळं आलं! माझ्या वर्गात दर वर्षी फौजींची मुलं असायची. पालकसभेला त्यांच्या आया यायच्या. वडील कुठे लेहला, कुठे आसामात. सासू-सासऱ्यांचं आजारपण, शेत, मुलांच्या शाळा, सगळं त्या बाईच्या अंगावर. अशाच एका जुन्या विद्यार्थिनीचा संसार हल्ली मोडला. तिने विचारलं, "बाई, आता मला काय राहिलं?"

उत्तर कटू आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की फौजेच्या कागदावरून बायकोचं नाव निघतं. कॅन्टीनचं कार्ड गेलं. फौजी नोकरीत असेल तर क्वार्टर गेलं. निवृत्तांसाठी २००३ साली सुरू झालेल्या 'ईसीएचएस' योजनेतले औषधोपचारही गेले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नवऱ्यामागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, ज्याला आपण 'फॅमिली पेन्शन' म्हणतो, त्यावरचा हक्क संपला. त्याने पुन्हा लग्न केलं, अगदी निवृत्तीनंतर केलं, तरी तो हक्क नव्या बायकोचा. पहिलीने वीस वर्षं काढली असोत की दोन, हिशोब एकच.

मुलांचं तसं नाही, हे मात्र आवर्जून सांगते. आईबापांचा घटस्फोट झाला म्हणून मुलांचा हक्क जात नाही. म्हणून मुलांची नावं 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये नीट लागली आहेत ना, हे आईने बघायलाच हवं.

मग बायकोला काहीच नाही का? आहे, पोटगी. लग्न कायम असताना नवरा खर्चाला पैसे देत नसेल, तर लष्कर कायदा १९५० च्या कलम ९० आणि ९१ खाली बायको-मुलांसाठी त्याच्या पगारातून रक्कम कापता येते. त्यासाठी तिने त्याच्या युनिटकडे अर्ज करायचा. घटस्फोटानंतर मात्र न्यायालय ठरवेल ती पोटगी. पण ती बहुतेक वेळा येते त्याच्या पेन्शनमधून. तो गेला की त्याची पेन्शन थांबली, आणि फॅमिली पेन्शनमध्ये हिचं नाव नाही. म्हणजे ऐन म्हातारपणी हात रिकामे!

गंमत बघा. २००४ पासून सरकारने पंचविशी उलटलेल्या घटस्फोटित मुलीलाही, अटी घालून का होईना, आईवडिलांमागे फॅमिली पेन्शनचा हक्क दिला. चांगलंच केलं. घटस्फोटित बाई निराधार होते हे सरकारला कळतं, पण मुलगी म्हणूनच कळतं. बायको म्हणून नाही.

अमेरिकेत काय झालं ते सांगते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये निकाल दिला की सैनिकाची पेन्शन घटस्फोटात वाटता येणार नाही. त्यावर गदारोळ झाला आणि १९८२ मध्ये त्यांच्या संसदेने कायदाच केला. तिथलं न्यायालय आता पेन्शनमध्ये माजी पत्नीला वाटा देऊ शकतं. आपोआप मिळत नाही, न्यायालय ठरवतं. लग्नाची आणि नोकरीची दहा वर्षं सोबत गेली असतील, तर पगार कार्यालय तो वाटा थेट तिला पाठवतं. वीस वर्षं नोकरी, वीस वर्षं लग्न आणि दोन्ही सोबतची वीस वर्षं असतील, तर दवाखाना आणि दुकानाची सवलतही तिला राहते, पुन्हा लग्न करेपर्यंत.

कुणी म्हणेल, पेन्शन जवानाच्या रक्ताची आहे. खरंच आहे. जखमेपोटी मिळणाऱ्या अपंगत्वाच्या पेन्शनला कुणी हात लावू नये, असंच माझंही मत. दोन वर्षांत मोडलेल्या लग्नाला आयुष्यभराची पेन्शन द्या, असंही मी म्हणत नाही. पण तो पंधरा-सतरा वर्षं निर्धास्तपणे सीमेवर उभा राहिला, ते घर कुणीतरी सांभाळत होतं म्हणूनच ना? त्या वर्षांची मोजदाद कुठेतरी व्हायला हवी. निदान औषधोपचार आणि फॅमिली पेन्शनचा काही भाग, सोबतच्या वर्षांच्या प्रमाणात, तिला मिळावा. एवढंच.

तोवर आपल्या लेकीबाळींना एक सांगून ठेवा. संमतीने घटस्फोट घेताना घाईने सही करू नका. महिन्याची पोटगी आकर्षक वाटते, पण त्याच्यामागे काय, हे आधी वकिलाला विचारा. एकरकमी रक्कम, घर किंवा जमिनीवर पोटगीचा बोजा, यातलं काहीतरी पदरात पाडून घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये त्याची सोय आहे. लग्नाचा दाखला आणि पेन्शनच्या कागदाची, म्हणजे पीपीओची, प्रत स्वतःजवळ ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारायला लाजू नका.

असो. तुमच्यापैकी कितीतरी जण फौजी घरातले आहेत. तुमचं काय मत आहे, जरूर कळवा. पटलं नाही तरी कळवा!