परक्या तालमीचा वस्ताद

तालमीच्या जगांत वस्तादाचें नांव पैलवानाच्या आडनांवाइतकेंच मोलाचें मानतात. ज्या आखाड्याची माती अंगाला लागली त्याच्याशीं इमान राखावें, हा तेथला साधा धर्म. परंतु पैलवान जागच्या जागीं राहून वस्तादच एका तालमींतून उठला आणि समोरच्या तालमींत जाऊन बसला, तर? पहिल्या तालमीनें त्याला काय म्हणावें, आणि दुसरीनें त्याचें स्वागत कोणत्या मनानें करावें? हा प्रश्न केवळ लाल मातीपुरता राहिलेला नाहीं. क्रिकेटच्या खेळानें तो गेल्या कांहीं वर्षांत आपल्या घराघरांत आणून सोडला आहे. म्हणून या महिन्यांत त्याचाच थोडा विचार करूं.

हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. तरी ती एकदां क्रमानें सांगितलेली बरी. श्री. चंद्रकांत पंडित हे मुंबईचे यष्टिरक्षक, कै. रमाकांत आचरेकरांच्या हाताखालीं तयार झालेले, भारताकडून पांच कसोटी सामने खेळलेले. पुढें ते मुंबईचे प्रशिक्षक झाले, आणि २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ या तीन हंगामांत त्यांच्या शिकवणीखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला. जानेवारी २०१७ मध्यें इंदूरच्या अंतिम सामन्यांत मुंबई गुजरातकडून हरली. त्याच वर्षीं मुंबईनें दुसरा प्रशिक्षक नेमला, आणि पंडितांना विदर्भानें नागपुरास बोलाविलें. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून या स्पर्धेंत खेळत होता. साठ वर्षांत त्याला अंतिम सामन्याचें तोंडसुद्धां दिसलें नव्हतें. पंडितांच्या पहिल्याच हंगामांत त्यानें उपांत्य सामन्यांत कर्नाटकाला अवघ्या पांच धावांनीं हरविलें, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं इंदूर येथें दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून करंडक घरीं नेला. पुढच्या वर्षीं नागपुरांत सौराष्ट्राला नमवून तो राखला.

यश आल्यावर टाळ्या सर्वच वाजवितात. खरी अडचण नेमणुकीच्या दिवशीं असते. त्या दिवशीं चाहत्याच्या मनांत आशा तर असतेच. ज्यानें दुसऱ्यांना जिंकून दिलें तो आपल्यालाही देईल, असें त्याला वाटतें. पण आशेच्या पाठोपाठ मान डंख मारतो. आपल्या मातींत एकही जाणता माणूस नव्हता काय, कीं मुंबईहून पाहुणा आणावा? मुंबईचा माजी कर्णधार वसीम जाफर आधींच विदर्भाकडून खेळत होता. आतां गुरुही तेथलाच. मग जिंकलों तरी जिंकलें कोण? आणि या दोहोंच्या तळाशीं एक संशय असतो : ज्याचें सारें आयुष्य त्या बाजूला गेलें त्याचें मन खरोखर इकडे असेल काय?

हा संशय फार जुना आहे. महाभारतांत कर्णाचें सारथ्य करण्यास शल्य बसला, तो नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. दुर्योधनाच्या पाहुणचाराला भुलून तो कौरवांकडे आला खरा. पण युद्धाच्या वेळीं कर्णाचें तेज शब्दांनीं कमी करीन, असें वचन त्यानें युधिष्ठिराला दिलें होतें, आणि तें त्यानें पाळलें. घोडे उत्तम हाकले. जिभेनें मात्र रथांतल्या वीरालाच घायाळ केलें. परक्या संघाचा गुरु आणतांना भीति वाटते ती या शल्याची. परंतु त्याच ग्रंथांत द्रोणाचार्यही आहेत. द्रुपदाचा पुत्र धृष्टद्युम्न आपल्या वधासाठीं जन्मला आहे, हें ठाऊक असून त्यांनीं त्याला अस्त्रविद्या शिकविली. वाचक म्हणतील, एकलव्याचा आंगठा मागणारेही तेच द्रोण ना? होय, तेच. पण तो आंगठा मागितला गेला एका आवडत्या शिष्याचा पहिला क्रमांक राखण्यासाठीं. म्हणजे ज्या दिवशीं हा गुरु एका बाजूचा झाला, त्याच दिवशीं त्याच्या गुरुपणाला डाग लागला. खेळांतील शिक्षकांना सरकार जो पुरस्कार देतें त्याला याच आचार्यांचें नांव आहे, आणि आचरेकरांना तो १९९० सालचा मिळाला होता. नांव घेणाऱ्यांनीं त्यांतला धृष्टद्युम्न लक्षांत ठेवावा, आणि एकलव्यही विसरूं नये.

आतां दुसऱ्या तीराचें, म्हणजे आमच्या बाजूचें सांगतों. आमचें खारी हें भाईंदर पूर्वेकडचें जुनें गांव. जिल्हा ठाणें, महानगरपालिका मिरा-भाईंदरची; तरी क्रिकेटपुरते आम्ही पक्के मुंबईकर. मुंबईच्या संघटनेची हद्द वसई-विरारच्याही पलीकडे जाते, आणि पालघरचा शार्दूल ठाकूर याच मार्गावरच्या गाडीनें मुंबईस खेळावयास जात असे. आमच्या घरांत धाकटी सून मात्र नागपूरची. डिसेंबर २०१८ मध्यें विदर्भानें नागपुरांत मुंबईला एक डाव व १४५ धावांनीं हरविलें, त्या रात्रीं पंक्तीला कोणी फारसें बोलेना. पंडितांचें नांव निघालें तेव्हां माझ्या एका पुतण्यानें “घरभेदी” हा शब्द वापरला. सूनबाई वाढतां वाढतां म्हणाली, “भाऊजी, माहेरची सांबारवडी मी इथं करते, ती तुम्ही दोनदा मागून घेता. मग नागपूरच्यांनी मला घरभेदी म्हणायचं का?” सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर, हें आमच्या घराला तिच्यामुळेंच कळलें होतें. पुतण्या हंसला, पण त्याचा राग गेला नाहीं, आणि तो एका बोलण्यानें जावा अशी माझीही अपेक्षा नव्हती. प्रेम असतें तेथें रुसवा असणारच.

पुढें २०२० मध्यें पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. २६ जून २०२२ रोजीं बंगळूरच्या मैदानावर मध्य प्रदेशानें मुंबईला सहा गडी राखून हरवून रणजी करंडक प्रथमच जिंकला. याच मैदानावर १९९८-९९ च्या हंगामांत पंडित स्वतः मध्य प्रदेशाचे कर्णधार असतांना कर्नाटकाकडून अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनीं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, तें साऱ्या देशानें पाहिलें. आणि मुंबईच्या बाजूला प्रशिक्षक कोण? अमोल मुजुमदार, तेही आचरेकरांचेच शिष्य. एका गुरूच्या दोन विद्यार्थ्यांनीं दोन प्रांतांच्या मुलांना समोरासमोर उभें केलें होतें. यांत परका कोण आणि घरचा कोण, हें सांगावयास मोठा पंडित लागेल.

ही मनाची ओढाताण आपल्याकडेच आहे असें नाहीं. अमेरिकेंत केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला १९९६ मध्यें राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे रिक पिटिनो हे २००१ मध्यें त्याच राज्यांतील लुईव्हिल या हाडवैरी विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. केंटकीच्या चाहत्यांनीं त्यांना द्रोही ठरविलें. आणि काल ज्याच्या पराभवासाठीं नवस केले त्याच्यासाठीं टाळ्या वाजविण्याची संवय लुईव्हिलच्या लोकांना करावी लागली.

शिक्षकाच्या बाजूनें पाहिलें तर गोष्ट निराळी दिसते. मीं एका शाळेंत अनेक वर्षें संस्कृत शिकविलें आणि नंतर जवळच्याच दुसऱ्या शाळेंत गेलों. पाठांतराच्या स्पर्धेंत दोन्ही शाळांचीं मुलें समोर बसलीं, तेव्हां श्लोक कोणत्याही बाजूचा असो, माझे ओठ आपोआप हलूं लागले. निकाल नव्या शाळेच्या बाजूनें लागावा असें मनापासून वाटत होतें. तरी जुन्या शाळेंतल्या मुलाची संथा चुकूं नये असेंही तितकेंच वाटत होतें. विद्या दिल्यानें सरत नाहीं, हें आपण लहानपणापासून घोकतों. पण ती दिल्यावर आपल्या हुकमांत राहत नाहीं, हा त्याचाच दुसरा अर्थ आहे. शिकविलेलें परत मागतां येत नाहीं.

म्हणून चाहत्यांचा सारा गोंधळ खोटा, असें मात्र मी म्हणणार नाहीं. त्यांत एक तक्रार खरी आहे. पाहुणा आला आणि स्थानिक शिक्षक कोपऱ्यांत बसले, दोन वर्षांनीं पाहुणा गेला आणि तालीम ओस पडली, तर करंडक घरांत असूनही घर रितेंच. मानाचा प्रश्न जन्मगांवावरून सोडवूं नये. मागें काय उरलें, यावरून सोडवावा. या कसोटीला विदर्भ उतरला. पंडित गेल्यावर २०२३-२४ मध्यें विदर्भ पुन्हां अंतिम सामन्यांत आला, आणि मुंबईकडून वानखेडे मैदानावर १६९ धावांनीं हरला. पुढच्याच हंगामांत त्यानें उपांत्य सामन्यांत मुंबईला ८० धावांनीं हरविलें आणि नागपुरांत केरळाविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक मिळविला. या वेळचे प्रशिक्षक उस्मान घनी हे विदर्भाचेच माजी खेळाडू. त्याच हंगामांत विदर्भाच्या हर्ष दुबेनें ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. कर्नाटकाचा करुण नायर तेव्हां संघांत होता, म्हणजे पाहुण्याचें पान अजून मांडलेलें होतें. पण स्वयंपाक घरचा झाला होता. आणि केरळाच्या बाजूनें कोण खेळत होता? विदर्भाचे पहिले दोन करंडक जिंकण्यांत ज्याचा हात होता तो नागपूरचा आदित्य सरवटे! जो प्रश्न पूर्वीं मुंबईकरांना पडला होता तो आतां नागपूरकरांच्या वाट्यास आला.

खरें पाहतां ही देवघेव नवी नाहींच. कर्नल सी. के. नायडू जन्मानें नागपूरचे. १९२३ मध्यें होळकरांनीं त्यांना इंदुरास नेलें, आणि पुढें होळकर संघानें चार वेळां रणजी करंडक जिंकला. ज्या मैदानावर विदर्भाला पहिला करंडक मिळाला त्याला होळकरांचेंच नांव आहे. मुंबईकरांनींही पंडितांवर रुसण्यापूर्वीं स्वतःला एक विचारावें : त्यांना जाऊं कोणी दिलें? चांगला शिक्षक दाराबाहेर पडतो तेव्हां दार बहुधा आंतूनच उघडलेलें असतें.

वाचकांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें. आपल्या संघावर प्रेम करावें, तो हरला तर जेवणाची चव जावी, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु पुढील हंगामांत परक्या तालमीचा वस्ताद आपल्याकडे आला, तर पहिल्या दिवशीं त्याच्या गांवाची चौकशी करूं नये. त्याच्या शेजारीं आपल्यांतले कोण कोण उभें राहून शिकत आहे, तें पाहावें.