कबुतरवाली बाई रात्री कुठं निजली?

डिसेंबर सरत आला की ‘होम अलोन’चे सिनेमे पुन्हा आठवतात. पहिला १९९० सालचा, दुसरा १९९२ सालचा. आपल्या वस्त्यांमधून केबलच्या वायरी फिरू लागल्या त्या काळात जी मुलं लहान होती, ती आज चाळिशीला टेकली किंवा ओलांडून गेली. त्यांतल्या पुष्कळांनी हे सिनेमे शेजाऱ्यांच्या घरी, दारात चपलांचा ढीग आणि आत दाटीवाटीनं बसलेली पोरं, अशा थाटात पाहिले असतील. इंग्रजी कुणाला कळत होतं? पण चोर धपकन पडला की हसायचं, एवढं सगळ्यांना येत होतं.

बाई-माणसांनो, लहानपणी पोट धरून हसवलेला सिनेमा मोठेपणी पुन्हा एकदा जरूर बघावा. सिनेमा तोच राहतो, बघणाऱ्याचे डोळे बदलतात. ‘होम अलोन टू : लॉस्ट इन न्यूयॉर्क’ हा दुसरा भाग मी नुकताच घरातल्या लेकरांबरोबर पाहिला. त्यांचं लक्ष चोरांकडं, आणि माझं भलत्याच माणसांकडं. त्या माणसांविषयीच आज लिहिते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. केव्हिन हा शिकागोजवळ राहणाऱ्या मोठ्या, खात्यापित्या घरातला दहा वर्षांचा मुलगा. नाताळच्या सुटीत सगळं खटलं फ्लोरिडाला निघतं. विमानतळावर धावपळ होते. वडिलांसारखाच कोट घातलेल्या भलत्याच माणसामागं केव्हिन पळतो आणि न्यूयॉर्कच्या विमानात बसतो. हातात वडिलांची बॅग, बॅगेत पाकीट, रोकड आणि क्रेडिट कार्ड. न्यूयॉर्कला तो प्लाझा या नामांकित हॉटेलात खोली घेऊन चैन करतो. तिथं त्याला मागच्या सिनेमातले दोन चोर भेटतात. ते आता तुरुंगातून पळालेले असतात आणि खेळण्यांचं एक दुकान लुटण्याच्या बेतात असतात. त्या दुकानाची नाताळची कमाई मुलांच्या इस्पितळाला जायची असते. केव्हिन चोरांना आपल्या काकाच्या बंद घरात खेचून नेतो आणि त्यांची दाणादाण उडवतो. लेखन जॉन ह्यूज यांचं, दिग्दर्शन ख्रिस कोलंबस यांचं आणि केव्हिन झाला मकॉली कल्किन.

पहिल्याच काही मिनिटांत एक गोष्ट मनाला लागते. नाताळच्या कार्यक्रमात केव्हिन एकट्यानं गात असतो आणि मागं उभा असलेला थोरला भाऊ हातातल्या मेणबत्त्यांनी त्याची टर उडवतो. लोक हसतात. केव्हिन वळून भावाला ठोसा मारतो आणि गाणाऱ्या मुलांची अख्खी रांग कोसळते. घरी बैठक बसते. थोरला गोडगोड बोलून माफी मागतो, मोठी माणसं विरघळतात आणि तोच हळूच धाकट्याला टोमणा मारतो. केव्हिन माफी मागत नाही, म्हणून शिक्षा त्याला एकट्याला.

हात उचलणं बरं नव्हे, हे खरंच. पण डिवचणं कुणाला दिसत नाही आणि चिडणं सगळ्यांना दिसतं. ज्याच्या जिभेला गोडवा तो सुटतो, ज्याला बोलता येत नाही तो सापडतो. आपल्या घरात दोन लेकरं भांडली की आपण न्याय कसा करतो? शेवटचा फटका कुणी मारला हे विचारतो, की पहिला काटा कुणी टोचला हेही विचारतो?

मग विमानतळावरचा प्रसंग. मायामीला सामान येतं. ‘ही केव्हिनची’ म्हणत एक बॅग हातोहात मागं मागं जाते आणि शेवटी घेणारा हातच सापडत नाही. मग तोच निरोप उलट्या वाटेनं आईपर्यंत येतो आणि आई किंचाळून कोसळते. हसायला येतं खरं, पण भरल्या घरात पोरं अशीच हरवतात. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं बघितलं असेल. लाखाच्या गर्दीत लेकरं घेऊन जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढं तरी ठरवून निघावं की कोणतं लेकरू कुणाच्या हाती. सगळ्यांनी मिळून सांभाळायचं म्हटलं की कुणीच सांभाळत नाही.

आता हॉटेलकडं वळू. प्लाझा १९०७ साली सुरू झालं. सिनेमा निघाला तेव्हा ते डोनाल्ड ट्रम्प यांच्या मालकीचं होतं. पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हेच ट्रम्प सिनेमात काही क्षण केव्हिनला रस्ता दाखवताना दिसतात. मुलं ते वैभव डोळे विस्फारून बघतात. पण ज्या घरातला कुणी हॉटेलात वेटर आहे, कुणी लादी पुसतो, कुणी दारावर उभा राहतो, त्याचं लक्ष सामान उचलणाऱ्या पोऱ्याकडं जातं. तो बक्षिशीच्या आशेनं हात पुढं करतो आणि केव्हिन त्या हातावर च्युइंगगम ठेवतो. लहानपणी आपण यावर हसलो. आज तो रिकामा हात ओळखीचा वाटतो.

त्याच केव्हिनचं खोलीवर मागवलेल्या खाण्यापिण्याचं बिल होतं ९६७ डॉलर! जोवर कार्ड चालतं तोवर दहा वर्षांच्या पोराचा थाट एखाद्या साहेबासारखा असतो. कार्ड चोरीचं असल्याचं मशीननं सांगितलं की तोच पोरगा चोर ठरतो, माणसं त्याच्या मागं लागतात आणि नाताळच्या तोंडावर ते लेकरू रस्त्यावर येतं. बाळा, तुझे आईबाप कुठं आहेत, हे मायेनं विचारणारं तिथं कुणी नाही. पैशाला सलाम आणि माणसाला दरवाजा, हे सिनेमा हसत हसत दाखवून जातो.

या हॉटेलचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. २०१२ साली सहारा समूहानं त्यातला मोठा हिस्सा विकत घेतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या समूहाच्या दोन कंपन्यांना, गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये व्याजासह परत करा, असा आदेश दिला. पुढं २०१८ साली ते हॉटेल कतारच्या कंपनीकडं गेलं. झुंबरांखालून पळणारा केव्हिन बघताना हे आठवतं आणि पैपैचं पासबुक जपणाऱ्या घरांना हसता हसता थांबायला होतं.

चोरांची फजिती मात्र अजून हसवते. गच्चीवरून एकामागून एक विटा येतात आणि त्या एकाच्याच कपाळावर बसतात. विजेच्या धक्क्यानं चोराचा सापळा होतो, दुसऱ्याच्या डोक्याला आग लागते. खऱ्या आयुष्यात पहिल्या विटेलाच सारं संपलं असतं. बांधकामावर राबणाऱ्याच्या घरात वरून पडणारी वीट ही गंमत नसते. लेकरांना हसू द्यावं, पण हे सारं खोटं आहे आणि खरी वीट माणूस मारते, हे एकदा स्पष्ट सांगावं.

आणि तो जगाला हसवणारा पोरगा? कल्किनचा जन्म १९८० चा. या दुसऱ्या भागासाठी त्याला ४५ लाख डॉलर मिळाल्याचं छापून आलं होतं. १९९४ नंतर, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यानं काम थांबवलं. १९९५ साली आईवडील वेगळे झाले आणि मुलांच्या ताब्याचा वाद न्यायालयात गेला. आपल्या पैशांच्या कारभारातून आईवडिलांची नावं काढून टाकली, असं त्यानं मोठेपणी स्वतःच सांगितलं आहे. लेकरू कमावतं झालं की घर त्याच्याकडं कोणत्या नजरेनं बघू लागतं, ही गोष्ट काही फक्त अमेरिकेची नाही.

पण सिनेमा संपल्यावर मनात घर करून राहते ती सेंट्रल पार्कातली बाई. अंगावर जुने कपडे, सगळ्या अंगाखांद्यावर कबुतरं. तिला बघताच केव्हिन घाबरून पळतो. रात्री त्याच पार्कात त्याचा पाय अडकतो आणि सोडवायला तीच येते. सुटताच तो पुन्हा पळतो, पण मग थांबतो, वळतो आणि बोलू लागतो. पळणारं पोर थांबून वळतं, ती घटका मला साऱ्या सिनेमात मोलाची वाटते. भीती वाटली म्हणून माणूस वाईट ठरत नाही, हे त्याला तेव्हा कळतं.

गाण्याच्या एका मोठ्या सभागृहाच्या माळ्यावर बसून दोघं बोलतात. बाई सांगते की तिलाही काम होतं, घर होतं, प्रेमाचं माणूस होतं. त्याचं मन उडालं, हिचं मोडलं आणि पुन्हा मोडू नये म्हणून ती माणसांपासून लांब गेली. पोरगा म्हणतो, माझ्याकडं चाकांचे छान बूट होते, खराब होतील म्हणून पेटीत जपून ठेवले, मग पाय वाढले आणि बूट लहान झाले. मनही फार जपलं तर वाया जातं, असं त्याचं सांगणं. ही भूमिका केली ब्रेंडा फ्रिकर या आयरिश अभिनेत्रीनं. त्याआधी ‘माय लेफ्ट फूट’मधल्या आईसाठी तिला ऑस्कर मिळालं होतं. पण इथं तिला नाव नाही. श्रेयनामावलीतही ती नुसती ‘कबुतरवाली बाई’.

आमच्या धाकटीनं मध्येच विचारलं, ‘ती रात्री कुठं झोपते गं?’ सिनेमात याचं उत्तर नाही. बाईचं मन मोडलं म्हणून ती पार्कात आली, असं सिनेमा सांगतो. पण मोडलेलं मन घेऊनही माणूस छपराखाली राहू शकतो, छप्पर परवडत असेल तर! न्यूयॉर्कात १९७० आणि ८० च्या दशकांत एकट्यादुकट्या गरिबाला भाड्यानं मिळणाऱ्या स्वस्त खोल्या हजारोंनी नाहीशा झाल्या, त्यांच्या जागी महागडी घरं आली. १९७९ साली रॉबर्ट हेज या तरुण वकिलानं उघड्यावर झोपणाऱ्यांच्या वतीनं दावा लावला. १९८१ साली शहरानं बेघर पुरुषांना निवारा देण्याचं न्यायालयात कबूल केलं. बायकांना तो हक्क त्यानंतर मिळाला. ज्या रॉबर्ट कॅलाहन यांच्या नावानं तो खटला ओळखला जातो, ते करारावर सह्या होण्याआधीच रस्त्यावर वारले. हक्क कागदावर आला तरी उघड्यावरची माणसं संपली नाहीत. १९९१ साली, म्हणजे सिनेमा येण्याच्या आदल्या वर्षी, त्याच शहरातल्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कातून तिथं आसरा घेतलेल्यांना पोलिसांनी बाहेर काढलं होतं.

हरवणं दोन तऱ्हेचं असतं. केव्हिन हरवतो तेव्हा त्याची आई हॉटेलवाल्यांना फैलावर घेते, मुलाचा फोटो हातात धरून रात्रीच्या अनोळखी शहरात एकटी हिंडते. त्याला नाताळची झाडं फार आवडतात, हे आठवून ती रॉकफेलर सेंटरच्या मोठ्या झाडापाशी पोचते आणि लेकरू सापडतं. आपल्या मुलाला काय आवडतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तो सापडला. कबुतरवाली बाईही त्याच शहरात हरवलेली आहे. पण तिचा फोटो घेऊन कुणी फिरत नाही. तिला काय आवडतं, हे त्या रात्रीपर्यंत तिला कुणी विचारलेलंच नाही.

चोर केव्हिनला पार्कात गाठतात तेव्हा बाई त्यांच्यावर दाणे उधळते आणि तिची कबुतरं त्यांच्यावर तुटून पडतात. जीव वाचतो तो तिच्यामुळं. सकाळी हॉटेलच्या खोलीत खेळण्यांच्या दुकानदारानं पाठवलेल्या भेटींचा डोंगर असतो. त्याच दुकानदारानं आधी केव्हिनला दोन कबुतरांची जोडी दिलेली असते. एक आपल्याजवळ ठेवायचं, दुसरं जिवाभावाच्या माणसाला द्यायचं. केव्हिन धावत जाऊन एक कबुतर बाईच्या हातावर ठेवतो. दोघं मिठी मारतात. तिकडून वडिलांची बिलाबद्दलची आरोळी ऐकू येते आणि सिनेमा संपतो.

ही भेट क्षुल्लक नाही. तुला विसरणार नाही, असं पोरानं म्हटलं होतं आणि ते पाळलं. दिलेला शब्द पाळणारी माणसं त्या बाईला फार भेटली नसतील. पण एवढ्या मोठ्या हॉटेलात जागेला तोटा नव्हता, पार्क रस्त्याच्या पलीकडंच होता, आणि ‘वर चला, दोन घास खा’ असं कुणी म्हटलं नाही. केव्हिनच्या घरच्यांना तर ती ठाऊकच नाही. बाईला मैत्री मिळाली, दार मिळालं नाही.

म्हणून सांगते, या सुटीत लेकरांना हा सिनेमा खुशाल दाखवा, त्यांच्याबरोबर मोकळेपणानं हसा. मग चहा टाकता टाकता सहज विचारा, ‘ती बाई आपल्या दाराशी आली असती तर आपण काय केलं असतं?’ उत्तराची घाई करू नका, उपदेशही नको. लेकरं आपापसांत भांडतील, कुणी म्हणेल जेवायला वाढू, कुणी म्हणेल जागा कुठं आहे. भांडू द्या. आपली घरं दहा बाय दहाची असली तरी त्यांत पाहुण्याला पथारी पडतच आली आहे, हे त्यांना आठवेल. आणि आठवलं नाही, तर ते सांगायला आपण आहोतच.