‘मोफत’ दूरध्वनीचा हिशेब

घरच्या दूरध्वनीचे बिल हा एके काळी पांढरपेशा कुटुंबातील कलहाचा हमखास विषय होता. दूरध्वनीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तो आला की तो शेजारपाजाऱ्यांचाही होई, आणि एसटीडीला कुलूप घालण्याची पाळी गृहस्थावर येई. आता फायबरची इंटरनेट जोडणी घेणाऱ्यास तिच्यासोबत दूरध्वनी मिळतो आणि देशात कोठेही, कितीही वेळ बोलले तरी त्याचा वेगळा आकार पडत नाही. जाहिरातीत त्यास ‘मोफत’ म्हटलेले असते. हा शब्द जरा तपासून पाहण्याजोगा आहे.

उदाहरणादाखल रिलायन्स जिओने सप्टेंबर २०२० पासून लागू केलेली दरमहा ३९९ रुपयांची योजना घेता येईल. जाहिरातीतील या आकड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर चढला की रक्कम ४७१ रुपयांच्या घरात जाते, म्हणजे वर्षाला सुमारे ५,६५० रुपये. भिंतीवर टांगलेली पेटी रात्रंदिवस वीज खाते, ही गोष्ट तर कोणी हिशेबात धरीतच नाही. दहा-बारा वॅटचे यंत्र चोवीस तास चालू राहिले तर वर्षाला शंभरेक युनिटे होतात. युनिटमागे आठ रुपये धरले तर आणखी ८०० रुपये. तेव्हा या ‘मोफत’ दूरध्वनीचा संसार वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास जातो. ज्या घरातून दिवसाकाठी एखादाच फोन केला जातो, तेथे प्रत्येक संभाषण अठरा रुपयांना पडले. जुन्या काळी एवढे बिल येते तर घरात रामायण झाले असते!

अर्थात हा हिशेब सर्व घरांना सारखाच लागू करणे अन्यायाचे होईल. ज्या घरी महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत, शिक्षकाला रोज धडे उतरवून घ्यावयाचे असतात, तेथे पैसे इंटरनेटसाठीच मोजले जातात आणि दूरध्वनी खरोखरच वरकड म्हणून येतो. अशा कुटुंबाने तो अवश्य घ्यावा. परंतु केवळ बोलण्यासाठी ही जोडणी घेणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. कारण २०१६ पासून मोबाइलवरील बोलणेही जवळजवळ मासिक शुल्कातच येऊ लागले आहे आणि मोबाइल तर घरोघरी आहेच.

तरीही एक वर्ग असा उरतो की ज्याला घरातील ठरलेल्या जागी असलेला, मोठ्या आकड्यांचा, कानाला लावता येईल असा फोनच हवा असतो. हा वर्ग वृद्धांचा. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी, आणि गावी म्हातारा-म्हातारी दोघेच, अशी घरे आज महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. खर्चाचा खरा प्रश्न त्यांच्याच बाबतीत निर्माण होतो, आणि तो केवळ रुपयांचा नाही.

तांब्याच्या तारेवरील जुन्या फोनला लागणारा वीजप्रवाह केंद्रातील विद्युतघटांतून तारेवाटेच येत असे. त्यामुळे घरातील दिवे गेले तरी फोन चालू राही. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातील वीज गेली की पेटी बंद आणि पेटीसोबत फोनही बंद. पावसाळ्यात कोकणात वा विदर्भात वीज तासन्‌तास गेली, की मदतीची हाक मारण्याची गरज नेमकी त्याच वेळी पडण्याचा संभव अधिक. पेटीसाठी लहानसा विद्युतसंच हजार-दीड हजारात मिळतो. परंतु तो लागतो हे जोडणी घेतानाच सांगितले गेले तर! जुन्या व्यवस्थेत हा भार कंपनी वाहत असे. नव्या व्यवस्थेत तो गुपचूप गृहस्थाच्या खांद्यावर सरकला आहे. भारत संचार निगमनेही आपल्या तांब्याच्या जोडण्या फायबरवर नेण्याचे काम चालविले असल्याने जुना पर्याय फार काळ उरेल असेही नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न उभा राहिला. जुने दूरध्वनीजाळे बंद करून सर्वांना इंटरनेटवर नेण्याची तेथील मुदत डिसेंबर २०२५ होती. वृद्धांच्या घरातील, संकटसमयी कळ दाबून मदत बोलावण्याची उपकरणे या बदलात निकामी झाल्याचे प्रकार उघडकीस आल्यावर, २०२३ च्या अखेरीस सक्तीचे स्थलांतर थांबविण्यात आले आणि पुढे मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबविली गेली. जे लोक घरच्या फोनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तातडीच्या मदतीशी संपर्क साधता यावा, असा दंडक तेथील नियामकाने २०१८ मध्येच घालून दिला होता. विजेची ये-जा जेथे नित्याची आहे अशा देशात तो एक तासही अपुराच म्हणावा लागेल.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेट टेलिफोनीविषयी शिफारसी केल्या आणि पुढील वर्षी सरकारने तिला वाट मोकळी करून दिली. स्पर्धा वाढावी, दर उतरावेत, हा हेतू रास्तच होता. आता दरांइतकेच लक्ष ग्राहकास काय सांगितले जाते याकडे दिले जावे. करासह वर्षाची एकूण रक्कम आणि ‘वीज गेल्यास हा फोन चालणार नाही’ हे वाक्य, या दोन ओळी अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक मराठीत छापण्यास कोणत्याही कंपनीला फारसा खर्च येणार नाही.