पीएचडी, तीही स्पीच बबलमध्ये!

गणिताच्या पुस्तकात चाचा चौधरी लपवून वाचला म्हणून तुम्हीही कधीतरी धपाटा खाल्ला असेल ना? मग मंडळी, तुमच्यासाठी एक गुड न्यूज. आता कॉमिक्समध्ये चक्क डॉक्टरेट करता येते. नीट वाचा, कॉमिक्स‘वर’ नाही, कॉमिक्स‘मध्ये’! निक सुझॅनिस या अमेरिकन पठ्ठ्यानं २०१४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात अख्खा प्रबंध चित्रं काढून सादर केला. पुढच्याच वर्षी हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं तो ‘अनफ्लॅटनिंग’ या नावानं छापला. मागे टिपा, संदर्भ, सगळा रीतसर मामला.

‘हे काय नवीन फॅड?’ असं म्हणणाऱ्यांना मी एकच सल्ला देते. एका रविवारी डहाणू लोकल पकडा, विरारनंतर सफाळ्याला उतरा आणि तिथून दातिवऱ्याला जा. वैतरणेच्या मुखाशी वसलेलं हे गाव, पलीकडे अर्नाळा. सोबत वही-पेन्सिल घ्या आणि मासेमारीचं डोल जाळं कसं चालतं, ते लिहून काढायचा प्रयत्न करा.

डोल म्हणजे तोंडाला रुंद आणि शेपटाला निमुळती अशी लांबलचक पिशवी. ती समुद्रात एका जागी पक्की बांधतात. बोट तिला ओढत नाही, पाण्याची ओढच मासा आत आणते. म्हणून इथलं घड्याळ भरती-ओहोटीवर चालतं आणि कॅलेंडर उधाण-भांगावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला ते सुस्त. शब्दांत हे सांगायला माझा एक परिच्छेद गेला, तरी तुमच्या डोळ्यांपुढे जाळं आलं का? चार चौकटी काढा, काम फत्ते.

पण खरी गंमत पुढे आहे. माझी एक मैत्रीण समाजशास्त्राची संशोधक. तिनं दातिवऱ्यात मुलाखती घेतल्या, इंग्रजीत पेपर लिहिला, तो परिषदेत वाचलाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यापर्यंत मात्र त्यातली एक ओळ पोचली नाही. पुढच्या खेपेला ती काढलेली पानं घेऊन गेली. मीही सोबत होते. बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनी हात पुसले, पान डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाल्या, “बाय, जाळ्याचं तोंड उलटं काढलंस. पाणी इकडून येतं ना!” मग शेजारणी जमल्या. पेन्सिल मैत्रिणीच्या हातात होती, पण संशोधन त्या बायकांनी ताब्यात घेतलं. पेपर तपासणाऱ्या कुठल्याही तज्ज्ञाला ही चूक दिसली नव्हती, कारण लेखात ‘जाळं लावतात’ एवढं म्हणून पुढे सरकता येतं. चित्रात ते कुठल्या तरी दिशेला तोंड करून लावावंच लागतं.

हीच तर या पद्धतीची ताकद आहे. जो सॅको या पत्रकारानं ‘फूटनोट्स इन गाझा’साठी (२००९) १९५६ च्या हत्याकांडांच्या आठवणी वृद्धांकडून गोळा केल्या. न जुळणाऱ्या साक्षी त्यानं दडपल्या नाहीत, त्याही चित्रांत उतरवल्या. आपल्याकडे ओरिजित सेन यांनी १९९४ मध्ये नर्मदेच्या धरणाचा प्रश्न ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’मधून चितारला. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांच्या ‘भीमायन’मध्ये (२०११) बाबासाहेबांचा अपमान करणाऱ्यांच्या स्पीच बबलला चक्क विंचवाची नांगी आहे. असा युक्तिवाद कुठल्या तळटिपेत बसणार, सांगा!

आणखी एक फायदा. फोटोत चेहरा दिसतो, चित्रात तो बदलता येतो. बोलणाऱ्याची ओळख झाकून त्याचं म्हणणं जगापुढे ठेवता येतं. अर्थात चित्रही खोटं बोलू शकतं. त्यामुळे काय पाहिलं, काय ऐकलं आणि काय कल्पनेनं भरलं, हे चित्रकार-संशोधकाला प्रामाणिकपणे सांगावंच लागतं.

ही नुसती हौस नाही हं. याच पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. मच्छीमारांचा त्याला कडवा विरोध. अशा वेळी जाडजूड अहवाल आणि नकाशे तयार होतात. जाळी कुठे लागतात, मासा कधी येतो, हे त्या कागदांवर बरोबर आहे की नाही, हे ज्यांना कळतं त्यांनाच तो कागद वाचता येत नसेल, तर त्याला अभ्यास कसं म्हणायचं?

तुम्ही समुद्रापासून लांब, एसी ऑफिसात बसला आहात? हरकत नाही. उद्याच्या प्रेझेंटेशनमधले बुलेट पॉइंट्स बाजूला ठेवा आणि आपलं काम सहा चौकटींत काढून बघा. चित्रकला भयंकर असली तरी चालेल. जिथे पेन्सिल अडेल ना बॉस, तिथे आपल्याला नक्की काय ठाऊक नाही ते कळेल. मग ते पान तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या शिपाईकाकांना दाखवा. दुरुस्ती फुकटात मिळेल!